रविवारचे वाटे

थोरलीच्या नणंदबाई आक्का वेळेच्या आधी आल्या, तेव्हा तिच्या हातात वांगं होतं. नुसतं वांगं असतं तर गोष्ट वेगळी. पण ती परसात पाण्याच्या टाकीमागे उकिडवी बसून त्या वांग्याला माती लावत होती. बाजारातलं वांगं मेलं फार तुकतुकीत असतं. परसातल्या वांग्याला एखादा ओरखडा हवा, देठाशी थोडी धूळ हवी, नाहीतर कुणालाही संशय येईल.

"काय करतेस गं तिथे?" आक्कांनी मागच्या दारातून विचारलं.

"तोडतेय."

"टाकीमागे? तिथे तर काही लावलेलं नाही."

"मांजर आली होती आत. तिला हाकलत होते," थोरली म्हणाली आणि वांगं पदराआड करून उठली. खोटं बोलण्याची माणसाला सवय लागते, तशी तिलाही लागली होती.

नानांचा, म्हणजे तिच्या सासऱ्यांचा, नियमच तसा होता. आठवडाभर परसात जे निघेल त्यातलं रोजच्यापुरतं वापरायचं आणि बाकीचं टोपलीत ठेवायचं. रविवारी दुपारी तिन्ही मुलं जमली की जेवणाआधी टोपली टेबलावर उलटी करायची आणि वाटे घालायचे. एक या घराचा, एक धाकट्या मुलाचा, एक आक्कांचा. वाटे नाना स्वतः घालत. बी पेरणं, आळी करणं, वेलांना काठ्या देणं, पाणी घालणं हेही सगळं त्यांचं. पण तोडणी मात्र थोरलीची. नाना देठाला बोट लावत नसत. "तोडायचं काम तुझ्या सासूचं," ते म्हणत. "मी लावायचं, तिनं तोडायचं. आमचं लग्न झालं तेव्हापासून ठरलेलं आहे." सासू गेली, आणि घरातली बाकीची कामं जशी न विचारता थोरलीच्या अंगावर आली तशीच तोडणीही आली.

सासू गेल्यावर नाना अंथरुणाला लागले होते. आजार कसला म्हणाल तर काही नाही. शहराच्या पाणीपुरवठ्यात पंप चालवण्यात आयुष्य गेलेला माणूस, पहाटे उठून शहराला पाणी सोडणारा. तो भिंतीकडे तोंड करून पडला तो उठेचना. डॉक्टर झाले, औषधं झाली, आक्का स्वतः हॉस्पिटलात नर्स, त्यांनी रागावून पाहिलं, रडून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. मग एका संध्याकाळी थोरली कामावरून परत येताना, ती पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करते त्याच्या मागेच भाजीबाजार भरतो, तिथून टोमॅटो घेऊन आली आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, ते नानांच्या उशाशी ठेवून म्हणाली, "आई तोडायच्या त्याच झाडाला आलेत." नाना वळले. उठून बसले. एक टोमॅटो हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परसात पाण्याचा आवाज आला.

आता सांगा, त्यानंतर कोण खरं सांगेल? परसात तसं थोडंफार यायचं, नाही असं नाही. पण टोपली भरायची ती बाजारातून. नानांना कधी झाड रिकामं दिसलं तर ते विचारत, आणि थोरली म्हणे, "सकाळीच तोडलं की नाना." बघता बघता सगळ्या घराला त्या टोपलीचं वेड लागलं. धाकट्यानं मागच्या कोपऱ्यात बटाटे लावले. त्याच्या बायकोनं कोंबड्या आणल्या. बाजारातलं विषारी खायचं नाही, आपल्यापुरतं आपण पिकवायचं, अशी भाषा जेवणाच्या टेबलावर सुरू झाली. आणि त्या भाषेत सगळ्यात पुढे कोण, तर थोरलीचा नवरा. हा लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. सगळे त्याला लिफ्टमास्तर म्हणतात. दिवसभर अंधाऱ्या विहिरीसारख्या जागेत लोंबकळून तो कंटाळला होता.

"ऐक," आक्का तिच्यामागोमाग स्वयंपाकघरात येऊन दार लोटत म्हणाल्या. "तुझा नवरा आज सगळ्यांसमोर सांगणार आहे. नोकरी सोडतोय. उद्या साहेबांना कळवणार आहे."

थोरलीच्या हातातलं वांगं ओट्यावर पडलं.

"मला काही बोलले नाहीत."

"मला तरी कुठे सांगितलं त्यानं सरळ? फोनवर गोलगोल बोलत होता, मी खोदून काढलं. म्हणतो, आपलं खाणं आपण पिकवतोच आहोत, पुढचं अंगण फोडून तिथेही लावू, धाकटाही इथेच राहायला येतोय, कशाला हवी नोकरी? अगं, शेंगा आणि वांग्यांवर घर चालतं का? मी बोलले की म्हणतील, आक्का नेहमीचाच मोडता घालतेय. तू बोल. तू तोडणारी आहेस, तुझं ऐकतील."

"बघते," थोरली म्हणाली.

"बघते नाही. बोल."

दुपारी सगळे टेबलाभोवती बसले. नानांनी वर्तमानपत्र पसरलं आणि टोपली उलटी केली. वांगी, टोमॅटो, शेंगा, काकड्या, पालक. धाकट्यानं परसातून खणून आणलेले बटाटे बाजूला ओतले. तो गाडी चालवायला शिकवतो, त्यामुळे कुठलीही गोष्ट समोरच्याला धीर देत करायची त्याला सवय. "सावकाश, नाना, सावकाश, एक घरंगळतोय," तो म्हणाला. धाकटीनं कोंबड्यांच्या खुराड्यातून आणलेली अंडी वाटीत ठेवली. ती दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायला बसते आणि घरातही कायम हसतमुख असते. आज मात्र ती कुणाकडे बघत नव्हती.

"काय बटाटे आहेत," नाना एक बटाटा फिरवत म्हणाले. "सगळे एका मापाचे. मी इतकी वर्षं लावतोय, मला असे कधी आले नाहीत."

"जमीन चांगली आहे," धाकटा म्हणाला.

लिफ्टमास्तर घसा साफ करून उभा राहिला. घरच्या टेबलाशी उभं राहून बोलायची त्याची पहिलीच वेळ. "मला एक सांगायचंय. मी नोकरी सोडतोय."

त्यानं सगळं नीट मांडलं. पुढचं सिमेंटचं अंगण फोडायचं, गाडी काढून टाकायची, तिथे कंदभाज्या लावायच्या. धाकट्यानं भाड्याची जागा सोडून वरच्या खोलीत यायचं. विजेची काटकसर करायची, कपडे कमी घ्यायचे. बोलताना त्याचा चेहरा असा उजळला होता की थोरलीला तो लग्नाआधीचा वाटला, आणि तिला त्याची भयंकर दया आली.

"मी दादाच्या बाजूचा आहे," धाकटा म्हणाला.

"तू नेहमीच कुणाच्या तरी बाजूचा असतोस," आक्का म्हणाल्या. "तुझी स्वतःची बाजू कधी बघितली नाही मी. आणि आजारी पडलात तर? डॉक्टरला काय काकडी देणार?"

"आक्का, प्रत्येक गोष्टीत तू आजारपण आणतेस," लिफ्टमास्तर म्हणाला.

"कारण मी दिवसभर आजारी माणसंच बघते."

नाना हे सगळं ऐकत होते, पण त्यांच्या डोळ्यांत काही वेगळंच होतं. ते थोरलीकडे वळले. "भांडू नका. सूनबाईला विचारा ना. परसातलं पान न् पान हिच्या हातातून जातं. सांग सूनबाई, बाग आपल्याला पुरते की नाही?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. आक्कांनी भुवई उडवली: बोल. थोरलीनं नानांकडे पाहिलं. ताठ बसले होते, दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. याच माणसाला तिनं चमच्यानं पाणी पाजलं होतं.

"पुरते, नाना," ती म्हणाली.

आक्कांनी समोरचं ताट हातानं बाजूला सारलं. लिफ्टमास्तर म्हणाला, "झालं तर मग. उद्या सकाळीच साहेबांना सांगतो."

थोरली पाणी आणायचं निमित्त करून स्वयंपाकघरात आली. नळ सोडला आणि नुसती उभी राहिली. मागोमाग धाकटी आली आणि तिनं नळ बंद केला.

"जाऊबाई, तुम्ही हो का म्हणालात?"

"मग काय म्हणू?"

"आम्ही जागा सोडतोय. खरंच सोडतोय, मालकांना सांगून झालंय." धाकटीनं मागे वळून बघितलं आणि आवाज खाली आणला. "कोंबड्या अंडी देत नाहीत. दिली होती पहिल्यांदा, चार-पाच. मग बंद. नाना इतके खूश झाले होते की मला सांगवेना. मी दुकानातून आणते. शिक्का असतो ना त्यावर, तो नखांचा रंग काढायच्या पाण्यानं पुसते."

थोरलीला हसू आलं. ते कुठून आलं तिलाच कळलं नाही. "आणि बटाटे?"

"ते यांचे. शनिवारी संध्याकाळी येऊन पुरून जातात. बटाटे धुतलेले असतात दुकानातले, मी किती वेळा सांगितलं, माती लावा जरा."

"मी लावते," थोरली म्हणाली.

"तुम्ही कशाला बटाट्यांना..." धाकटी बोलता बोलता थांबली. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "भाज्या तर खऱ्या आहेत ना? आम्ही दोघांनी विचार केला होता, आपलं खोटं असलं तरी भाज्या खऱ्या आहेत, तेवढ्यावर निभेल."

"मला वाटत होतं, भाज्या खोट्या असल्या तरी बटाटे आणि अंडी खरी आहेत," थोरली म्हणाली.

हे घरच असं होतं. इथे कुणी कुणाला वाईट वाटेल असं तोंडावर बोलत नसे. सासूबाईंची शिकवण, आणि सगळे त्या शिकवणीत एका माळेचे मणी. बोलणाऱ्या एकट्या आक्का, म्हणून तर त्यांना कुणी काही सांगत नसे.

"जाऊबाई, झाकली मूठ राहू दे," धाकटी तिचा हात धरून म्हणाली. "मी यांना समजावते, तुम्ही त्यांना रात्री समजवा. नानांना कळलं तर ते पुन्हा पडतील. तुम्हीच तर काढले ते दिवस."

तेच तर. ते दिवस थोरलीनंच काढले होते, आणि पुन्हा काढायची तिच्यात ताकद नव्हती. पण बाहेरून तिला नवऱ्याचा आवाज येत होता. तो भावाला सांगत होता की अंगण फोडायला माणूस कशाला हवा, घण आपणच चालवू. लिफ्टमध्ये एवढासा आवाज आला तरी दारावर 'बंद' अशी पाटी लावणारा माणूस, तो आयुष्यात पहिल्यांदा डोळे मिटून उडी मारत होता, आणि ती कशावर, तर तिनं माती लावलेल्या वांग्यांवर.

ती बाहेर आली आणि बसली नाही.

"नाना, बाग पुरत नाही. टोपलीतलं बरंचसं मी बाजारातून आणते."

धाकट्याच्या हातातला बटाटा तसाच राहिला.

"कधीपासून?" नानांनी विचारलं.

"तुम्ही उठून बसलात त्या दिवसापासून. ते टोमॅटो आईंच्या झाडाचे नव्हते. त्या झाडाला तेव्हा एकही टोमॅटो नव्हता."

"वहिनी, अहो, थांबा," धाकटा म्हणाला, आणि मग त्याचा धीर सुटला असावा. "नाना, बटाटेही."

"अंडीसुद्धा," दारातून धाकटी म्हणाली.

आक्का आळीपाळीनं सगळ्यांकडे बघत होत्या. त्या आता थोरलीच्या बाजूला येतील असं कुणालाही वाटलं असतं. त्यांना हवं तेच तर झालं होतं. पण त्यांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे मी एकटीच मूर्ख. माझा वाटा मी हॉस्पिटलात घेऊन जाते. माझ्या वडलांनी पिकवलंय म्हणून डॉक्टरांना खाऊ घालते. आणि तुम्ही सगळे मिळून मला दुकानातला माल बांधून देताय."

"सगळे मिळून नाही, आक्का," धाकटी म्हणाली. "प्रत्येकानं आपापलं."

"मला तरी सांगायचं होतंस," लिफ्टमास्तर हळू आवाजात म्हणाला. तो अजून उभाच होता.

"तुम्ही नोकरीचं मला सांगितलंत?" थोरली म्हणाली. "मला ते आक्कांकडून कळलं. माझ्याच घरात, वांगं हातात असताना."

तो खाली बसला.

नानांनी टेबलावरचा ढीग मधोमध सारला. "आपापलं काढून घ्या," ते म्हणाले.

"नाना, जाऊ द्या ना..."

"काढून घ्या म्हणतोय."

धाकट्यानं बटाटे ओढून घेतले. धाकटीनं अंड्यांची वाटी उचलली. थोरली एकेक वांगं, एकेक टोमॅटो बाजूला करत राहिली, आणि प्रत्येक वांगं टेबलावर ठेवल्याचा आवाज येत होता. शेवटी वर्तमानपत्रावर पालकाची एक जुडी, मूठभर शेंगा आणि दोन वाकड्या काकड्या उरल्या. नानांनी त्यातली एक शेंग सोलली. दाणे बारीक होते.

"म्हातारा झालोय मी," ते म्हणाले. "लहान मूल नाही झालो." आणि ते उठून आपल्या खोलीत गेले. जाताना दार आपटलं नाही, नुसतं लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं थोरलीला वाटलं.

ताटं तशीच उचलली गेली. संध्याकाळी निघताना आक्का दारात चपला घालत थोरलीला म्हणाल्या, "तेव्हा टोमॅटो होते तुझ्याकडे. आता उठले नाहीत तर कशानं उठवशील?" त्यात राग होता की काळजी, हे सांगणं कठीण. बहुतेक दोन्ही.

सकाळी लिफ्टमास्तर डबा उचलून निघाला. "साहेबांना काही सांगत नाही," तो म्हणाला. "पण अजून तुझ्यावर राग आहे माझा."

"असू दे. माझाही आहे."

तो दारात जरा घोटाळला. "नाना उठले?"

तिनं नकारार्थी मान हलवली. नेहमी या वेळेपर्यंत परसातला नळ वाहून वाहून थांबलेला असायचा. तो गेल्यावर तिनं भांडी घासली, मग घासलेली पुन्हा विसळली. दुकानात जायची वेळ होत आली. शेवटी चहा केला आणि नानांच्या दाराशी गेली. आत ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. अगदी तसेच.

"चहा आणलाय, नाना."

"बाग बघितलीस?" भिंतीकडूनच आवाज आला.

"नाही."

"बघून ये. आणि जे असेल ते सांग. मला बरं वाटेल असं काही नको."

ती कप हातात घेऊनच परसात गेली. इतके दिवस ती इथे तोडायला येत होती, म्हणजे तोडल्याचं नाटक करायला, आणि नाटकात कोण पानं उलटून बघतं? आज तिनं बघितली. प्रत्येक वाफ्याशी थांबली, वाकली, देठ चाचपले. परत आली तेव्हा तिच्या साडीला काळं लागलं होतं.

"सांग."

"वांग्यांना कीड आहे. जी थोडी धरलीत त्यांना भोकं पडलीत. शेंडेही माना टाकलेले आहेत. टोमॅटोची पानं आकसलीत, खालची पिवळी आहेत. शेंगांच्या वेलावर मावा पडलाय, हाताला चिकट लागतं. काकडीचा एक वेल मेलाय, दुसरा जाईल असं वाटतं. पालक चांगला आहे."

नाना भिंतीकडेच तोंड करून होते. तिला वाटलं, संपलं. आता दुकानात फोन करावा लागणार, आक्कांना फोन करावा लागणार, पुन्हा तो चमचा आणि ते पाणी.

"पोखरलेली वांगी झाडावरच आहेत?"

"हो."

"किती दिवस?"

"बरेच असावेत. काही आतून काळी पडलीत."

नाना कुशीवर वळले. त्यांच्या चेहऱ्यावर थोरलीनं कधी न पाहिलेली चीड होती, आणि ती सगळी तिच्यावर होती. "मला ती पानं दिसत होती," ते म्हणाले. "रोज दिसत होती. मनात यायचं, काहीतरी बिनसलंय. मग रविवारी तू टोपली भरून आणायचीस. मी म्हणायचो, एवढं येतंय तर कशाला काळजी? सोडून दिली मी ती झाडं तुझ्या टोपलीच्या भरवशावर."

"चुकलं माझं, नाना."

"चुकलंच." ते उठून बसले. पाय खाली सोडून चपला शोधायला लागले. एक सापडली, दुसरी पलंगाखाली गेली होती. थोरली वाकायला लागली तशी त्यांनी तिला हातानं थांबवलं आणि स्वतः वाकून ती ओढली. "पोखरलेलं फळ ठेवायचं नसतं झाडावर. ते काढून लांब टाकायचं, शेंडेही छाटायचे, नाहीतर सगळ्या वाफ्यात पसरतं. आणि तू चहा घेऊन उभी राहिलीयेस. कात्री कुठे आहे?"

"एक आहे, स्वयंपाकघरात."

"एकीनं काय होणार? तुझी कापडाची आण."

थोरलीनं दुकानात फोन करून सांगितलं, आज यायला उशीर होईल, घरी फार काम आहे.